झुंबरबाईनं न उघडलेली घडी

"नेसी देख माय. आरसा खोटं बोलत नही, अन् मी बी नही."

झुंबरबाई हे प्रत्येक उंबऱ्यावर म्हणायची. आधी डोक्यावरचं गाठोडं ओट्यावर टेकवायची, पदरानं मानेचा घाम पुसायची, घरातल्या बाईकडं पायांपासून केसांपर्यंत एकदा निवांत बघून घ्यायची आणि मग म्हणायची. रावेरकडच्या बायका असं बोलत नाहीत. झुंबरबाई एरंडोलकडची. लग्न होऊन इकडं आली, नवरा केळीच्या गाड्या भरता भरता गेला, डोक्याचे केस पांढरे झाले, तरी तिकडच्या अहिराणीतलं 'शे', म्हणजे आपलं 'आहे', आणि 'नही' तिनं सोडलं नाही. अंगावरचे दागिने गेले तसं हेही जाऊ दिलं असतं, तर तिच्याकडं माहेरचं काहीच उरलं नसतं.

रावेरच्या पेठेतल्या एका दुकानातून ती साड्या उचलायची आणि सातपुड्याच्या अंगाला असलेल्या गावांतून फिरायची. रावेर काही लांब नाही. कोणाच्याही घरची गाडी काढली की चहा निवायच्या आत माणूस पेठेत उभा. तरी बायका झुंबरबाईची वाट पाहायच्या. दुकानातल्या दिव्यांखाली प्रत्येक साडी नवरीची दिसते आणि प्रत्येक बाई गोरी. घरी आणली की कळतं. झुंबरबाई म्हणूनच साडी घरी ठेवून जायची. बाईनं ती सकाळच्या उन्हात नेसावी, दिवेलागणीला नेसावी, सासूला दाखवावी, स्वतःच्या आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारावं. पुढच्या फेरीला ती येई. आवडली तर ठेवली, नाही तर परत. याला आमच्याकडं 'पसंतीला ठेवणं' म्हणतात. आता पोरी मोबाईलवर कपडे मागवतात, अंगाला लावून बघतात आणि नको असले की त्याच पिशवीत घालून परत पाठवतात. पोरींना ते नवं वाटतं. झुंबरबाईचं गाठोडं ते आधीपासून करत होतं.

तिची दोन व्रतं होती. देवाधर्माची नव्हेत, धंद्याची. पहिलं असं की विकायचा माल स्वतःच्या अंगाला लावायचा नाही. हजारो साड्या तिच्या डोक्यावरून गेल्या, खांद्यावरून एकही गेली नाही. तिच्या अंगावर कायम धुवून धुवून रंग विसरलेलं पातळ. दुसरं व्रत याहून कडक. परत आलेल्या साडीची घडी ती त्या घरी उघडून बघायची नाही. बाईनं घडी हातात दिली, झुंबरबाईनं ती तशीच गाठोड्यात घातली. "घरनी लक्ष्मी देस, तठे मी काय तपासू? मी काय पोलीस शे?" असं म्हणायची आणि या म्हणण्याचा तिला गर्व होता. तिच्या गाठोड्यातून कधी कोणाला नेसून मिरवलेली साडी मिळाली नव्हती. दुकानाचा शेठ तिच्या शब्दावर माल द्यायचा आणि गावं तिच्या शब्दावर ठेवून घ्यायची. तो शब्द गेला तर झुंबरबाईकडं रावेरच्या एका खोलीशिवाय आणि त्या रंग उडालेल्या पातळाशिवाय काही राहणार नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि तिला ठेच लागली तर बघायला उत्सुक असणाऱ्यांनाही.

असे लोक होते. कारण तिची जीभ. साडी अंगावर वाईट दिसली तर झुंबरबाई विकायची नाही, आणि का विकत नाही ते चारचौघींत सांगायची. कुंदाबाईनं एकदा मोठ्या फुलांची साडी छातीशी धरली तर म्हणाली, "ही नेसशी त मांडवनी कनात दिसशी." ओटाभर बायका हसल्या. कुंदाबाईही हसली, पण ती साडी तिनं अशी खाली टाकली की बाकीच्या बायकांनी आपापले पाय आवरून घेतले.

गावची केळी गाड्यांनी दिल्लीला धाडणाऱ्या तोताराम आबांची सून नूतन हे सगळं नवेपणाच्या डोळ्यांनी बघायची. ती धुळ्याची. बाप आग्रा रोडवरच्या एका कापडदुकानात गादीवर बसून जन्मभर साड्या उलगडत आणि घड्या घालत आलेला. लेकीच्या हातातही ती घडी उतरली होती. सासरी पहिल्या दिवशी ती "पाणी गरम शे" म्हणाली आणि सासू शेवंताबाईनं आल्यागेल्यासमोर तिची नक्कल केली, "शे, शे! धुळ्याहून सून आणली का साप आणला वं?" त्यानंतर नूतननं तोंडातलं 'शे' गिळायला सुरुवात केली. मग एके दुपारी झुंबरबाई ओट्यावर बसून म्हणाली, "तू धुयानी ना बेटा? बठ्ठं बरं शे ना?" आणि नूतनला एकदम रडू कोसळलं. तेव्हापासून झुंबरबाई आली की नूतन पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडाही आणायची, आणि दोघी हळू आवाजात आपल्या बोलीत चार वाक्यं बोलून घ्यायच्या.

ती पिवळी साडी आली, त्या दिवशी ओट्यावर बऱ्याच बायका होत्या. बागेत कापणी चालली होती, म्हणून तोतारामच्या शेतावरची मजूर भिकुबाईही पाणी प्यायला येऊन दाराशी टेकली होती. झुंबरबाईनं गाठोड्याच्या तळातून ती साडी काढली आणि बायकांच्या तोंडून 'माय वं!' निघून गेलं. आमरसाचा रंग आणि काठ मोरपंखी. शेवंताबाईनं हात पुढं केला, पदर खांद्यावर टाकला आणि मान वाकडी करून विचारलं, "कशी दिसते?"

"शोभते अक्का."

"अक्का, तुमच्यासाठीच विणली वाटते."

झुंबरबाई बाकीच्या साड्या सारख्या करत राहिली. शेवंताबाईनंच तिला डिवचलं, "तू काय मुकी झाली वं झुंबर?"

"ही तुम्ही नका ल्या अक्का," झुंबरबाई म्हणाली. "हा रंग नूतनना अंगवर हसी. तुमना अंगवर रडी."

मग दाराशी बसलेल्या भिकुबाईला हसू आलं. तिनं तोंडावर पदर धरला, पण हसू पदरातून बाहेर पडलं. तिच्याच बागेत केळी कापणारी बाई तिच्याच दारात तिलाच हसली, हे शेवंताबाईनं ऐकलं. मग ती स्वतः सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. नूतनला ते हसू माहीत होतं. या हसण्यानंतर घरात दोन-तीन दिवस भांडी जास्त वाजायची.

"ठेवून जाय," शेवंताबाई म्हणाली. "पाह्यते मी, रडते का हसते."

"ठेवा. नेसी देखा. आरसा खोटं बोलत नही," झुंबरबाई म्हणाली आणि गाठोडं उचललं.

त्याच आठवड्यात पहूरला शेवंताबाईच्या भाच्याचा साखरपुडा होता. सकाळी गाडी दारात लागली आणि शेवंताबाई खोलीतून बाहेर आली. अंगावर तीच पिवळी साडी, जुन्या हिरव्या ब्लाउजवर. नूतनच्या हातातली पिशवी खाली गेली.

"आई, ही तर पसंतीला ठेवलेली..."

"मंग? नेसून पाह्य म्हणते ना ती? नेसूनच पाहून राह्यली मी."

फॉलही न लावलेली साडी. पहूरला कोणीतरी विचारलंच, "फॉल नाही लावला वाटते?" शेवंताबाईनं "घाई झाली माय" म्हणून वेळ मारून नेली. पण बाकीच्यांनी साडी वाखाणली. दिवसभर शेवंताबाई जिथं उजेड चांगला असेल तिथं उभी राहिली. मांडवाच्या दाराला सकाळीच तोडून आणलेले केळीचे खांब बांधले होते, पानांसकट, घडासकट. त्या खांबाला टेकून ती उभी राहिली, शेजारी तोताराम आबांना उभं केलं आणि नूतनला म्हणाली, "काढ. माझं पोट नको येऊ देऊ. अन् स्टेटसला टाक, आपल्या गावच्यांना दिसू दे." नूतननं फोटो काढला. पोट येऊ दिलं नाही. गावातल्या प्रत्येक घरातल्या फोनवर ती साडी त्या दुपारी पोहोचली. अंगठे आले, फुलं आली, कुंदाबाईनं तर हात जोडलेली तीन-तीन चित्रं पाठवली. झुंबरबाईकडं बटणाचा फोन होता. तिला काही पोहोचलं नाही.

परतल्यावर शेवंताबाईनं साडी फेडून नूतनच्या मांडीवर टाकली. "घडी घाल. दुकानासारखी."

नूतननं पदर पसरला, तेव्हा तिला एक ओलसर ठिपका दिसला, तळहाताएवढा. पाण्यासारखा, फक्त किंचित चिकट. सरबत असेल, असं तिला वाटलं. ओल्या फडक्यानं तिनं तो पुसला, वरून इस्त्री फिरवली, आणि ठिपका दिसेनासा झाला. धुळ्याकडं कपाशी, बाजरी. केळी तिनं हातगाडीवर बघितलेली, बागेत नाही, आणि सासरी सुनांना बागेत कोणी नेत नाही. तोडलेल्या केळीतून गळतो तो चीक पहिल्यांदा पाण्यासारखाच असतो, एक-दोन दिवसांत त्याचा रंग चहासारखा होतो आणि मग तो काळा पडतो, आणि काळा पडला की कपडा फाटेपर्यंत जात नाही, हे इथलं लहान पोरगंही सांगेल. इथल्या बायका बागेत जाताना म्हणूनच चिकाचं वेगळं लुगडं नेसतात. शेवंताबाईनं एकदा त्या पदराकडं बघितलं असतं तर तिला कळलं असतं. पण ती पलंगावर आडवी होऊन फोनवर आलेली फुलं बघत होती. सांगायला नूतनला भीती वाटली, आणि सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही.

घडी मात्र तिनं अशी घातली की बापानं पाठ थोपटली असती. जुन्या मोडीवर मोड, काठावर काठ, आत ब्लाउजचा तुकडा, वर दुकानाची चिठ्ठी.

झुंबरबाई आली. "काय अक्का, हसनी का रडनी?"

"तूच खरी वं," शेवंताबाई गोड आवाजात म्हणाली. "आमच्या अंगाला नाही जमली. घेऊन जाय."

झुंबरबाईचा चेहरा उजळला. आपली पारख खरी ठरली, याचा आनंद तिला लपवता यायचा नाही. नूतननं साडी आणून दिली. झुंबरबाईनं घडीवरून हात फिरवला, जसा कोणी झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतो, आणि हळूच म्हणाली, "घडी तू कयी ना बेटा? तुना बापना हात शे यामा." नूतनला वाटलं, उघड. एकदा उघडून बघ. पण झुंबरबाईनं न उघडता साडी गाठोड्यात घातली, गूळ तोंडात टाकला आणि ती निघून गेली.

पुढचं कुंदाबाईच्या घरी घडलं. ते नूतनला कुंदाबाईच्या मुलीनं, ज्योत्स्नानं, नंतर सांगितलं. ज्योत्स्नाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला पिवळी साडी हवी होती. झुंबरबाई म्हणाली, "मनापान तुनाच करता एक शे," आणि तिनं ती साडी ज्योत्स्नाच्या पुढ्यात उलगडली. पदर पसरला आणि त्यावर चहा सांडून वाळावा तसा डाग, कडेनं काळा. कोणाला वास घ्यायचीही गरज पडली नाही. केळीचा चीक.

"आई, ही तर शेवंता अक्का..." ज्योत्स्ना म्हणाली, आणि कुंदाबाईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तो पुढं हळदीतही निळा दिसत होता.

कुंदाबाईनं स्टेटस बघितलं होतं. हात जोडलेली चित्रं तिनंच पाठवली होती. पण कुंदाबाईच्या घरची केळी तोतारामच्या गाडीत बसून दिल्लीच्या वाटेला लागायची, आणि तोतारामनं मनात आणलं असतं तर झाडावरच पिकली असती. शिवाय कुंदाबाई ती मांडवाची कनात विसरली नव्हती. ती उठली आणि ओरडली.

"नेसलेली साडी? माझ्या पोरीच्या हळदीला नेसलेली साडी आणली तू, झुंबर?"

शेजारच्या दोन घरांतून बायका धावत आल्या. झुंबरबाई डागाकडं बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "चला, शेवंता अक्काले इचारू. ही तिना घर व्हती. अक्का खरं सांगी." ज्योत्स्नानं नूतनला सांगितलं, झुंबरबाईच्या आवाजात तेव्हा भीती नव्हती. शेवंताबाई तसंच खरं सांगेल, जसं आपण स्वतः सांगतो, एवढाच तिचा हिशेब होता.

वाटेत आणखी बायका मिळाल्या. तोताराम आबांच्या अंगणात त्या आल्या तेव्हा घोळका झाला होता, आणि घोळक्यात एकही अशी नव्हती जिनं शेवंताबाईला त्या पिवळ्या साडीत केळीच्या खांबाला टेकलेलं बघितलं नव्हतं. अंगणाबाहेर गाडी भरणं चाललं होतं. घड डोक्यावर घेऊन जाणारी माणसंही थांबली.

झुंबरबाईनं साडी ओट्यावर पसरली. "अक्का, एकच शब्द सांगा. ही तुमनापान नवी निंघनी का नही?"

शेवंताबाईनं डाग बघितला. तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. डाग कुठला, ते तिला तिथल्या तिथं कळलं, हे नूतनला दिसलं. आबा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "बायकांचं बायकांनी पाहा," आणि तंबाखू चोळू लागले. फोटोत ते तिच्या शेजारीच होते.

"मले काय माहीत वं?" शेवंताबाई म्हणाली. "मी तं घडी बी मोडली नाही. जशी ठेवली तशी दिली."

झुंबरबाईची मान सावकाश वळली. घडी कोणाच्या हातची आहे, ते तिनंच त्या दिवशी सांगितलं होतं. ती नूतनकडं बघून, तिच्या माहेरच्या बोलीत, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बेटा, तू सांग. घडी तू कयी व्हती ना?"

सगळं अंगण नूतनकडं वळलं. नूतननं सासूकडं बघितलं. शेवंताबाई तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मले नाही माहीत," नूतन म्हणाली. रावेरच्या बोलीत म्हणाली.

झुंबरबाईनं मान हलवली, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला साडी शोभली नाही की हलवायची.

आता शेवंताबाईचा आवाज मोकळा झाला. "ऐकलं? मंग कोण नेसलं? मी नाही, माझी सून नाही, कुंदा नाही. गाठोडं कोणाच्या डोक्यावर राह्यते? खोलीत एकटी राह्यते ही. दार लावलं की कोण पाह्यते? नेसत असशील रोज एक."

"हौस राह्यते माय," मागून कोणीतरी म्हणालं. "जीव आहे."

"केळीच्या बागेत गेली असशील वं नेसून. कोण व्हता बागेत?"

हसू फुटलं. बाहेर घड घेऊन थांबलेल्या माणसांपर्यंत ते गेलं आणि तिकडूनही परत आलं. भिकुबाई हसली नाही. ती त्या दिवशी हसली होती, तेवढं तिला पुरलं होतं.

"मी मना अंगले माल लावत नही," झुंबरबाई म्हणाली. "बठ्ठा गावले माहीत शे."

"नाही ना लावत? मंग आज लाव. आमच्यासमोर नेस. पाहू तं दे, तुझ्या अंगावर हसते का रडते." शेवंताबाई पुढं झुकली. "नेसली तं इथंच मिटलं. कोणी काही बोलणार नाही. नाही नेसली तं आत्ता माझ्या पोराला, निलेशला सांगते, दुकानात फोन लाव म्हणून. नूतन, आरसा आण."

नूतननं खोलीतल्या भिंतीवरचा आरसा काढला. चौकटीला तिच्या लग्नातली टिकली अजून चिकटलेली होती. ती आरसा छातीशी धरून अंगणात आली आणि झुंबरबाईसमोर उभी राहिली. आरशाची पाठ तिच्याकडं होती, म्हणून तिला झुंबरबाई सरळच बघावी लागली.

झुंबरबाईनं गाठोड्याकडं बघितलं. मग तिनं साडी उचलली. जुन्या पातळावरूनच कमरेला खोचली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर घेतला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या त्या निऱ्या एका झटक्यात पडल्या, सरळ, पानासारख्या. ते हात थरथरले असते तर बरं झालं असतं. तो आमरसाचा रंग त्या काळ्या, वाळक्या, पांढऱ्या केसांच्या बाईच्या अंगावर असा बसला की बायकांना हसायचं सुचेना. तिनं आरशात बघितलं. नूतनला आरशातलं दिसत नव्हतं. तिला फक्त एवढं दिसलं की झुंबरबाईचे ओठ किंचित उघडले आणि तिचा हात, न सांगता, पदर सारखा करायला गेला.

हे शेवंताबाईनंही बघितलं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "पाह्यलं कशी सवयीनं नेसली? पहिल्यांदा नेसणारी अशी नेसते का वं? डाग बी बरोबर खांद्यावर आला. नूतन, फोटो काढ."

"आई, तुम्ही म्हणाल्या मिटलं..."

"काढ म्हणते ना."

नूतननं आरसा भिकुबाईच्या हातात दिला आणि फोन काढला. झुंबरबाई हलली नाही. ती पदर उतरवायच्या आत फोटो निघाला होता. नूतनच्या फोनमध्ये आता ती साडी दोनदा होती. एका फोटोत शेवंताबाई केळीच्या खांबाला टेकलेली, पोट न दिसणारी. आणि दुसऱ्यात झुंबरबाई. स्टेटस केव्हाच मिटलं होतं, पण पहूरचा फोटो होता. नूतननं बोट त्याच्यावर ठेवलं. घोळक्यातल्या बायका तिच्या बोटाकडं बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं तिथं काय आहे. एकेकीनं मान वळवली, आणि कुंदाबाई तर आपल्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

शेवंताबाईनं फोन तिच्या हातातून काढून घेतला, झुंबरबाईचा फोटो निवडला आणि साडीच्या चिठ्ठीवरच्या नंबरावर दुकानात पाठवला. बरोबर काय सांगितलं ते सगळ्यांना ऐकू यावं म्हणून ती फोनमध्ये मोठ्यानं बोलली, "ही तुमची बाई माल स्वतः नेसून गावात विकते. फोटो पाहा." मग ओट्यावर बसून वाट बघितली. आबांनी तंबाखू तोंडात टाकली. बाहेर गाडीवाल्यानं माणसांना हाक मारली आणि ती घड घेऊन पुढं सरकली, मान मागं ठेवून.

दुकानाचं उत्तर आलं. शेवंताबाईनं तेही मोठ्यानं वाचलं. "गाठोडं तुमच्याकडंच ठेवून घ्या. माणूस पाठवतो. तिला उद्यापासून येऊ नको म्हणावं."

"ऐकलं ना झुंबर?"

झुंबरबाईनं ऐकलं होतं. तिनं खांद्यावरचा पदर काढला, निऱ्या सोडल्या आणि साडी अंगावरून उतरवली. मग ती ओट्याच्या कडेला बसली आणि तिनं घडी घातली. घाई केली नाही. काठावर काठ, मोडीवर मोड. जन्मभर ती डाग पडलेला कपडा आत दुमडत आली असेल. या वेळी तिनं डाग वर ठेवला, अगदी मधोमध, आणि ती घडी गाठोड्याच्या माथ्यावर ठेवली.

उठताना ती शेवंताबाईला म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना अक्का. तुमना अंगवर तो रडी म्हनीसन."

अंगणातल्या कोणत्याच बाईनं दुसऱ्या बाईकडं बघितलं नाही.

नूतनकडं झुंबरबाईनं बघितलं नाही. गुळाचा खडा त्या दिवशी कोणी आणला नव्हता.

ती अंगणातून बाहेर पडली आणि रावेरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये ती, अंगावर तेच रंग विसरलेलं पातळ. डोक्यावर काही नव्हतं. तरी तिचा उजवा हात वर होता, गाठोडं तोलून धरल्यासारखा. थोडं पुढं गेल्यावर तिला ते कळलं असावं. हात खाली आला. पुढच्या वळणापाशी तो पुन्हा वर गेला.

गाडी भरणारी माणसं बघत होती. कुंदाबाई बघत होती, आणि दंड चोळत ज्योत्स्ना. भिकुबाई आरसा हातात धरून उभी होती, तो कुठं ठेवायचा ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. आबा खुर्चीतून उठून कुंपणापर्यंत आले, पिंक टाकली आणि त्यांनीही बघितलं. नूतन ओट्यावर उभी राहून बघत होती. वळणावर केळीच्या पानांनी झुंबरबाईचं डोकं झाकलं, मग खांदे, आणि शेवटी तो वर गेलेला हात.

"काय पाहून राह्यली?" शेवंताबाई मागून म्हणाली आणि तिनं फोन नूतनच्या हातात दिला. "माझा पहूरचा फोटो काढून टाक यातून. चांगला नाही आला तो."

नूतन वळणाकडं बघतच राहिली.